चंद्रमातीला लागलेल्या मुंग्या

राज्याची वाटणी झाली त्या वर्षांत हैदराबादेत जो तो कुठल्या ना कुठल्या यादीत आपलं नाव शोधत होता. आमच्या संस्थेनंही तेव्हाच फेररचना काढली. गणिताचा विभाग आणि चाचणीचा विभाग, यांतला एकच इथं राहणार आणि दुसऱ्याची माणसं विशाखापट्टणमला जाणार, अशी कुजबूज होती. मी गणितवाला. इथल्या तारनाक्याच्या घरात आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मला हलणं शक्यच नव्हतं.

यान चंद्रावर उतरताना इंजिनाचा झोत जमिनीवर आदळतो आणि माती उधळते. तिचे कण किती वेगानं उडतील, उलट यानालाच लागतील का, हे मी संगणकावर मांडायचो. खरं-खोटं ठरायचं चाचणीत. दगड कुटून केलेली नकली चंद्रमाती ट्रेमध्ये भरायची, ट्रे टाकीत ठेवून आतली हवा काढायची आणि वरून वायूचा झोत सोडायचा. ट्रे भरायचा तो चाचणी विभागातला म्हातारा तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, इथंच दिलसुखनगरला घर, नातवंडं.

दसऱ्याला संस्थेत आयुधपूजा व्हायची, अगदी संगणकांनाही झेंडूचे हार पडायचे. आमचं घर मूळ मराठवाड्यातलं, बौद्ध. पूजेच्या त्या तासाभरात मी कँटीनमध्ये चहा पीत बसायचो.

दसऱ्यापर्यंत माझं गणित बरोबर येत होतं. नंतरच्या पहिल्याच चाचणीत मात्र मातीचे कण नव्हे, ढेकळं उडाली. तीच माती भट्टीत वाळवली, ओलावा मोजला, तर काहीच नाही. पुन्हा ढेकळं. मनात पाल चुकचुकली. माझं गणित चुकलं तर फायदा कुणाचा? चाचणीवाल्यांचा. म्हातारा मला पाहून हसायचा, त्या हसण्यातही मला खोट दिसू लागली. तो ट्रे भरताना मी दाराआडून पाहत उभा राहायचो. सांगायला लाज वाटते, पण त्याला एकदाही सरळ विचारलं नाही. तक्रार तेवढी लिहिली, त्याच्या नावानिशी: हा माणूस मातीत काहीतरी मिसळतो.

पंधरा दिवसांनी यादी लागली. विभाग दोन्ही राहिले. बदली झाली ती त्या एकट्याची.

त्याच आठवड्यात ट्रेमध्ये मुंग्या दिसल्या. उघड्या टाकीच्या पायापासून सरळ रांग, थेट आमच्या चंद्रावर. दगडाच्या चुऱ्यात मुंग्यांना काय मिळणार? मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. गोडसर होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारा कोरा कागद घेऊन माझ्याकडे आला.

"साब, मेरा नाम कायकू आया, समझ में नै आ रा. अंग्रेजी में एक अर्ज लिख देते क्या?"

मी त्याला ट्रेचं विचारलं.

"दसरे को नारियल फोड़े ना साब, सब मशीनों पे पानी छिड़के. आप तो पूजा को आते नै. तो आपके ट्रे पे मैं ही छिड़का. आपका हिसाब सही आना बोलके."

नारळाचं पाणी सुकलं होतं, साखर मात्र कणाकणाला धरून बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा कागद ओढला आणि लिहिलं की माझी तक्रार खोटी होती, तिच्यामुळे झालेली बदली रद्द करावी. खाली सही केली.

"साब, सही तो मेरी लगती ना?"

तेव्हा मी त्याला एकेक ओळ वाचून समजावली. त्या कागदानं त्याची बदली थांबली नाही, ते पुढे कळलं. त्यानं मला शिव्या घालाव्यात असं त्या वेळी फार वाटत होतं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आप पूजा नै मानते, मालूम था मेरे को. फिर भी मैं बिना पूछे छिड़का. उसका गुस्सा था क्या साब?"

मी नाही म्हणालो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही, आणि त्या तक्रारीला माझ्यापाशी त्याहून बरं कारण नव्हतं.