टाइल्सचा रंग जुळणार नाही

आमच्या जुन्या घरात कुडाच्या भिंती होत्या, काठ्या बांधून वर शेणमाती लिंपलेल्या. जाऊ बाळंत झाली तेव्हा पडवीचा एक कोपरा कूड घालून बंद केला. पुढे दिराच्या लग्नात तोच कूड काढला आणि तिथे पंगत बसली. घर आमच्याबरोबर हलत असे.

मुलाने ते पाडून स्लॅबचं बांधलं. खाली हॉल आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या, प्रत्येकीला आतून बाथरूम. आम्ही वर. इंजिनीयर सोफा ओढून पलंग करून दाखवत म्हणाला, "हे घर फ्लेक्सिबल आहे, काकी." मी मान हलवली. परक्या माणसापुढे मला बोलता येत नाही.

गेल्या पावसात यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जिना चढणं संपलं. हे त्या सोफ्यावर निजतात, आणि विधी हॉलमध्येच, भांड्यात. मी चादर धरून उभी राहते. पलीकडे पाहुणे घावने खात असतात. ज्या माणसाने आयुष्यभर उघड्या अंगाने कोणासमोर जेवण केलं नाही, त्याची ही गत.

मुलाला म्हटलं, एक खोली दे. तो म्हणाला, "आये, बुकिंग झाला. सीझन जांव दे, मगे बघूया."

"पोटाक सीझन कळता काय रे?"

हे सोफ्यावरून म्हणाले, "माका पावणो म्हणान लिवून घे. मगे तरी खोली मिळात." मुलगा हसला. हे हसले नाहीत.

मी म्हटलं, मग हॉललगतच्या खोलीच्या बाथरूमला हॉलच्या बाजूने दार काढ. इंजिनीयर आला, भिंतीवर टकटक केलं. भिंतीवर भार काही नाही, तोडता येईल, म्हणाला. "पण आतल्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत. रंग जुळणार नाही." मुलगा म्हणाला, "मगे रांव दे."

रंग. माझ्या डोक्यात तो शब्द कढत राहिला. दोन दिवस मी मुलाला वाढलं, पण बोलले नाही.

पाहुणे किल्ला बघायला गेले तशी मी नारळ सोलायची पहार घेतली. पहिल्या घावाला नुसता पोपडा उडाला. मग वीट हलली. यांनी सोफ्यावरून विचारलं, "काय करतंस गो?" मी म्हटलं, "कूड काढतंय."

मुलगा आला तोवर हात जाईल एवढं भोक पडलं होतं. तो ओरडला, मी थांबले नाही. शेवटी मी सगळी भिंत अंगावर पाडून घेईन या भीतीने त्याने गवंड्याला फोन केला.

आता तिथे दार आहे. चौकट अजून बसली नाही, मी जुनं लुगडं लावलंय. खोलीकडच्या दाराला आतून कडी. टाइल्स फुटलेल्या तशाच आहेत. मुलगा पाहुण्यांना सांगतो, काम चालू आहे. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही. न बोलू दे. हे माझ्या खांद्यावर हात टाकून आत जातात आणि लुगडं स्वतः ओढून घेतात.