गुप्तहेर मेला आणि सुपारी अडली

केळझरच्या गणपतीकडे तोंड करून सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. नावं तेवढी खोटी आहेत. आणि पोहे मी दोन प्लेट खाल्ले होते, पण लिहिणार एकच. बाकी शंभर टक्के खरं! बरं, नव्वद धरा.

फजिती अशी, की पोटच्या पोरीचं जमलेलं लग्न मी एका पिक्चरपायी मोडायला निघालो होतो. आणि तो पिक्चर मी पाहिलाही होता हो! निदान माझी तरी तशी समजूत होती.

देवळीत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. शीतल आमची एकुलती एक. पाच पोरं पाहिली, पाचही नापास. सहावा सिंदीचा निखिल. त्याला भेटून आली आणि म्हणाली, "बाबा, हा चालते." मी आणि तिची आई कुंदा, आम्ही दोघं तेव्हापासून श्वास रोखून होतो. रविवारी पोराच्या घरी जाऊन सुपारी फोडायची, की लग्न पक्कं. एवढंच उरलं होतं.

बुधवारी शीतल म्हणाली, "बाबा, निखिलच्या बाबांले त्या इंग्रजी गुप्तहेराच्या पिक्चरचं लय याड हाय. एकबी भाग सोडला नाई त्यायनं. नवीन लागला वर्ध्यात. पाहून या, बोलायले विषय होईन."

तो हेर तुम्हाला माहीत असेलच. मी हाफपँटीत होतो तेव्हापासून त्याचे भाग येत आहेत. गाडी उलटते, विमान जळते, पण कोटाची इस्त्री काही मोडत नाही!

गेलो. हिंदीत डब केलेला. तासभर नुसती धडाधड. मग एका पुलावर त्याला चारी बाजूंनी घेरलं, छातीत गोळी बसली आणि आपला माणूस धप्पकन नदीत! पडदा काळा. दिवे लागले. लोक उठले. पडद्यावर काहीतरी अक्षरं आली होती, पण माझा चष्मा ओला झालेला.

आता तुम्हीच सांगा, हिरो मेला, दिवे लागले, लोक उठले, म्हणजे पिक्चर संपला की नाही? शिवाय इंग्रजी पिक्चर आपल्यापेक्षा लहान असतो, हे देवळीतलं शेंबडं पोरही सांगेल. बाहेर देवळीची बस उभीच होती. खिडकीची जागा मिळाली. अख्ख्या रस्त्यानं नाक पुसत घरी आलो.

रविवारी सिंदीच्या वाटेवर कुंदानं बजावलं, "जास्त बोलजा नोका. इवाई काय म्हणते ते पाह्यजा अन् मान हालवजा."

गेलो तर होणारे इवाई, म्हणजे व्याही, मनोहरराव एका भिंतीकडे तोंड करून बसलेले आणि त्यांच्या घरच्या सुमनबाई दुसऱ्या भिंतीकडे. मला वाटलं, हुंड्याबिंड्याची भानगड आहे की काय! निखिल हळूच म्हणाला, "काही नाई काका, काल पिक्चर पाहून आले दोघं. तवापासून बोलणं बंद हाय."

"एवढा जोरदार भाग आजवर झाला नाई!" मनोहरराव म्हणाले.

"जोरदार?" सुमनबाई उसळल्या. "म्हतारा झाला तो! जिन्यावर तो धावे अन् धाप मले लागे."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमाले तरी काय समजते? नुसत्या गाड्या मोजता!" मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमीबी पाह्यला म्हणे. आता तुमीच सांगा."

आता मान कोणाकडे हलवायची? मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि मधला रस्ता काढला. सुस्कारा सोडून म्हटलं, "बाकी काही असो, शेवट लय मनाले लागला. गेला बिचारा."

"गेला? कुठी गेला?"

"वर."

कुंदानं मांडीला चिमटा काढला. सुपारी फोडायच्या टायमाले मेल्याची गोष्ट!

सुमनबाईंनी पदर सावरला. "मंग शेवटी लग्न करते तो कोण व्हय?"

लग्न?! पण थाप मारायला कधी मागं हटलोय मी? "तो... त्याचा जुळा भाऊ. तोच तं सस्पेन्स हाय!"

मनोहरराव ताडकन उभे राहिले. "पहिल्या भागापासून पाहून राह्यलो म्या! मांगंपुढं कोणी नाई त्याचं. भाऊ कुठून आला?"

"लहानपणी जत्रेत हरवला होता."

"इंग्रजाच्या जत्रेत?"

"भरते ना बाप्पा! पाळणे तिथूनच तं आले आपल्याकडं."

निखिल इतका वेळ ओठ दाबून होता. तो म्हणाला, "काका, तुमी इंटरवलले तं नाई ना उठले?"

काय सांगू! त्या बैठकीत भिंतीवरची पालसुद्धा थांबून माझ्याकडं पाहायला लागली.

मनोहररावांनी हातातली सुपारी ताटात परत ठेवली. "थापा चालतीन मले. पण अर्ध्यातून उठणारा माणूस नाई चालत. पोरगीबी बापावर गेली असन तं?"

तिकडे देवळीत शीतल फोन मांडीवर घेऊन बसली असेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं आलं. पण मी उठलो, छाती काढली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "इवाई, पोरगी बापावर नाई, मायवर गेली. माय सव्वीस वर्षापासून या माणसाचा पिक्चर पाहून राह्यली. इंटरवल नाई, पंखा नाई, पण एक दिवस जागेवरून उठली नाई!"

आधी सुमनबाई हसल्या. मग मनोहरराव इतके हसले की ठसका लागला, आणि नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवता फिरवता सुमनबाईंचं बोलणंही सुरू झालं. अडकित्ता आला, सुपारी फुटली, आणि लग्न पक्कं झालं.

आता खोटं तेवढं कबूल करून टाकतो. ते खणखणीत वाक्य माझं नव्हे. कुंदाचं. मी तेव्हा तिथं नव्हतोच. मनोहररावांनी सुपारी खाली ठेवली तेव्हाच "फोन आला" म्हणून मी मागच्या आंगणात सटकलो होतो, आणि बंद फोन कानाला लावून म्हशीसमोर "हॅलो, हॅलो" करत उभा होतो.

म्हणजे पोरीच्या सोयरिकीचा शेवटही मी पाहिलेला नाही. तो मला बायकोनं सांगितला.