पुतळ्याचा जबाब

ती दुपार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. हयात पोलीस खात्यात गेली, खून-दरोड्यांचे तपास केले. पण खरा घाम फुटला तो निवृत्तीनंतर, सिंगापुरात, एका मिसिंगच्या, हरवलेल्या माणसाच्या, प्रकरणात.

त्याच्या आदल्या वर्षी लेकीबरोबर युरोप पाहिला होता. तिथे चौकाचौकात कलाकार. कुणी व्हायोलिन वाजवतो, कुणी अंगाला रंग फासून पुतळ्यासारखा उभा राहतो. लोक कलाकाराकडे बघत आणि मी लोकांच्या हातांकडे. माना वर झाल्या की खिसे मोकळे होतात, हे जत्रेच्या बंदोबस्तात शिकलो होतो. लेक वैतागायची, "बाबा, अहो, खेळ बघा ना!" पण जित्याची खोड.

तीच खोड सिंगापुरातल्या टॅम्पिनीस भागात नडली. लेक तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. जावई कामासाठी परदेशी गेले होते. जाताना मला एवढंच म्हणाले, "आईकडे लक्ष ठेवा." आई म्हणजे माझ्या विहीणबाई. त्यांना हल्ली विसर पडतो, आणि मधुमेह जुना. गोळी घेतली की लगेच पोटात काही जावं लागतं. त्या दिवशी गोळी घेऊन आम्ही जेवायला बाहेर पडलो. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनाच्या दाराशी गर्दी होती. अंगभर चंदेरी रंग लावलेला एक माणूस पेटीवर पुतळा होऊन उभा होता. विहीणबाई थबकल्या. "तू पुढे जाऊन हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलांपाशी टेबल धर, आम्ही आलोच," मी लेकीला म्हणालो.

बाई पुतळा बघत राहिल्या. माझी नजर गेली एका टोपीवाल्यावर. गडी बायकांच्या पर्सजवळ घुटमळत होता. अखेर त्याची बायको आली आणि दोघं हातात हात घालून चालू लागले. मी वळलो, तर विहीणबाई जागेवर नाहीत.

लेकीला बोलावलं; आजूबाजूला शोधून झालं, ती घरीही बघून आली. तिने पोलिसांना फोन केल्यावर एक तरुण महिला पोलीस आली. वर्णन काय, अंगावर काय, शेवटचं कुठे पाहिलं? जन्मभर मी विचारलेले प्रश्न आता मलाच होते. जांभळी साडी. हातात काही नाही. फोन घरी विसरलेल्या.

"काळजी करू नका, अंकल. वाट चुकलेली वयस्कर माणसं पुष्कळदा ट्रेनमध्ये बसतात," असं म्हणून तिने आधी स्टेशनवर निरोप दिला.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, गोळी घेतलीये त्यांनी. चक्कर येऊन कुठे पडल्या तर? ह्यांना काय सांगू मी?"

मी पुन्हा गर्दीवर नजर फिरवली. मग लक्षात आलं, उंचावर उभा राहून सगळ्यांकडे बघणारा इथे एकच माणूस आहे. मी पुतळ्यासमोर गेलो. "जांभळ्या साडीतल्या बाई पाहिल्यास?" हूं नाही की चूं नाही. ठाण्यातला आवाज काढला. पापणीही लवली नाही. दरडावूनही जो बोलत नाही त्याला कधी कधी खरं काय ते सांगून टाकावं लागतं. मी आवाज खाली आणला. "माझ्या मुलीची सासू आहे. आजारी आहे. उपाशी राहिली तर बेशुद्ध पडेल."

पुतळा पेटीवरून खाली उतरला. बघणारी मुलं हिरमुसली.

"त्या माझ्याजवळ आल्या," तो इंग्रजीत म्हणाला. "त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मग असं केलं." त्याने पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. "मी हललो नाही. त्या माझ्या बुटाला हात लावून तिकडे गेल्या." त्याने बोट दाखवलं ते इमारतींकडे.

"म्हणजे त्यांना भूक लागली होती," महिला पोलीस म्हणाली.

मला पटेना. भूक लागली असती तर बाई मलाच म्हणाल्या असत्या, 'चला फौजदार, पोटात कावळे ओरडताहेत.' आणि बुटाला हात? एकदम डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या गावी दारात बहुरूपी आला की त्या त्याच्या पाया पडून आधी सुपात धान्य आणायच्या आणि मग त्याचं सोंग बघायच्या, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

"त्यांना खायचं नव्हतं," मी लेकीला म्हणालो. "त्याला खायला द्यायचं होतं. त्या घरी गेल्यात, डबा भरायला."

"घरी बघून आले मी. दारात कुणी नाही."

"मग दुसऱ्याच्या दारात असतील. मजला आठवला असेल, इमारत चुकली असेल. इथे सगळ्या सारख्याच."

लेकीने हे सांगताच महिला पोलिसाने लगेच माणसं बोलावली. आमचा नववा मजला. प्रत्येक इमारतीचा नववा मजला पाहत सुटलो. लिफ्ट वर जाताना लेकीने माझा हात घट्ट धरला होता, लहानपणी धरायची तसा.

तिसऱ्या इमारतीत एक दार उघडं दिसलं. आत विहीणबाई खुर्चीत घामाने भिजून बसल्या होत्या, आणि एक चिनी आजी त्यांना कपाने काहीतरी पाजत होती. "थरथरत होती, म्हणून साखरेचा चहा दिला, लाह," आजी तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली. मी तिच्यापुढे हात जोडले.

विहीणबाई मात्र माझ्यावरच उखडल्या. "अहो फौजदार, या बाईंना सांगा, मला पोळ्यांचा डबा हवाय. तो बापडा उन्हात उभा आहे, ओठ सुकलेत त्याचे. तुम्हाला दिसलं नाही?"

नव्हतं दिसलं. मी चोर शोधत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला मला लाज वाटत नाही. गर्दीत संशयित ओळखायला मी शिकलो. भुकेला ओळखायचं मला खात्यात कुणी शिकवलं नाही, आणि स्वतःच्या घराचा पत्ता विसरणारी बाई ते विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेकीने पोळी-भाजीचा डबा करून दिला. विहीणबाईंनी तो पुतळ्याच्या पायाशी ठेवला. तो बराच वेळ हलला नाही. मग हळूच खाली उतरला आणि पेटीवर बसून जेवू लागला. बाई त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. "खा सावकाश. लोकांकडे मी बघते."

मी गर्दीकडे पाठ केली आणि त्याचं जेवण होईपर्यंत बघत उभा राहिलो.