पट्टा ज्याचा त्याचा

आमच्या अल्लीपूरला बातम्या एसटीने येतात. त्या शुक्रवारी सकाळच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या फाटकापाशी स्वतः खाली उतरला. “मास्तर, मधूभाऊ कंपाउंडर गेले. काल दुपारी.” एवढं सांगून तो परत चढला, कारण गाडी थांबवता येत नाही. मी सवयीने डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं. तेरा वर्षांपासून नाही. त्या रविवारी हिंगणघाटला जाऊन मी मधूला एक गोष्ट सांगणार होतो. चार दिवस मनात जुळवाजुळव चालली होती, आणि मधू काही रविवारपर्यंत थांबला नाही.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार असेल. हिंगणघाटच्या बसस्टँडजवळ गफूरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक भिंग आणि दोन बाकं. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जमायचो. मी, कापडवाले किसनशेठ आणि एका डॉक्टरांकडे कंपाउंडर असलेला मधू. तिघांनाही घड्याळांचं वेड. घरी एकेकच घड्याळ, तेही नंबर लावून मिळालेलं, पण हौस राजाची. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. रविवारी हातातली घड्याळं आपसात बदलायची आणि आठवडाभर दुसऱ्याचं वापरायचं. पट्टा मात्र ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या घामाचा पट्टा मनगटावर घालू नये, हा गफूरभाईंचा कायदा. त्यामुळे दर रविवारी पिना काढायच्या, पट्टे चढवायचे आणि नवा पट्टा घ्यायचा झाला की त्यावर तासभर वाद घालायचा. किसनशेठला चमकणारा पट्टा लागे. मला साधा तपकिरी, कडेने दुहेरी शिलाई असलेला. तो निवडायला मी तीन रविवार घेतले होते, आणि मुलगी पाहायलासुद्धा मी एवढा वेळ लावला नव्हता असं आमच्या घरी अजून ऐकवतात.

मधू येई, पट्ट्यांवर मत देई, पण आपलं घड्याळ कधी देत नसे. मी त्याला फार चिडवायचो. कंजूष म्हणायचो. कारण मला ठाऊक होतं, तरी म्हणायचो, हे आज लिहिताना लाज वाटते. ते घड्याळ त्याच्या थोरल्या भावाचं होतं. भाऊ फौजेत गेला तो परतला नाही, त्याच्या पेटीतून ते घड्याळ आलं. मधूच्या मायची नजर तोवर पुरती गेली होती. रोज संध्याकाळी मधू दवाखान्यातून आला की ती त्याचं मनगट ओढून कानाशी धरायची आणि म्हणायची, “चालून राह्यलं.” मग जेवायला बसायची.

एकदा माय आठ दिवसांसाठी लेकीकडे आर्वीला गेली. त्या रविवारी मी पुन्हा काहीतरी खोचक बोललो असेन. मधूने घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. “घे मास्तर. माय पुढच्या रयवारी येते, तोवर घाल. मंग नोको म्हणू कंजूष.” मी माझं घड्याळ त्याला दिलं. त्याने आपल्या काळ्या पट्ट्याच्या कडा जरा दाबून ते त्यावर चढवलं. माझ्या बाजूला मात्र अडचण आली. त्या घड्याळाची पट्टा अडकवायची जागा माझ्या पट्ट्यापेक्षा थोडी रुंद होती. गफूरभाई म्हणाले, “मास्टर, चौडा पट्टा लो. ये पिन छोटी पडेगी.” पण मला माझाच पट्टा हवा होता. ते चहा सांगायला उठले तेवढ्यात मी चाकूच्या टोकाने माझीच आखूड पिन दाबून बसवली. बसल्यासारखी वाटली.

गुरुवारी नातेवाइकांकडे पवनारला गेलो होतो. धाम नदीच्या खडकावर बसून हातपाय धुतले, उभा राहिलो, आणि मनगट हलकं वाटलं. ओला पट्टा मनगटाला चिकटून लोंबत होता… घड्याळ नव्हतं. त्या दिवशी उजेड असेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी आणि माझा साडू गुडघाभर पाण्यात वाळू उपसत होतो. काही मिळालं नाही. शनिवारी दवाखान्यात गेलो. मधू औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवत होता. मी सांगितलं. पट्टी तिरकी बसली, ती त्याने काढली आणि दुसरी कापायला घेतली.

“कुठं पडलं?”

“पवनारले. धाममध्ये.”

“पाह्यलं नीट?”

“दोन दिवस.”

त्याने नवी पट्टी बाटलीवर दाबून सरळ बसवली. मग म्हणाला, “माय उद्या येते.” मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, जायचं धाडस नव्हतं तरी गेलो. माय बाजेवर बसली होती. मधू आत आला, तिने हात पुढे केला. तिची बोटं आधी पट्ट्यावरून फिरली. पट्टा त्याचाच, ओळखीचा. घड्याळ माझं. तिने मनगट कानाशी नेलं आणि धरून ठेवलं… रोजच्यापेक्षा जास्त वेळ. मधू माझ्याकडे बघत नव्हता, मी भिंतीकडे बघत होतो. “चालून राह्यलं,” माय म्हणाली, आणि ताट मागितलं. त्या दिवसापासून माझं घड्याळ मधूकडेच राहिलं. आमची अदलाबदल थांबली. मी पुन्हा घड्याळ घेतलं नाही. शाळेची घंटा भिंतीवरच्या घड्याळावर होते, तेवढं मला पुरतं.

सात वर्षांनी माय अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो तेव्हा मधू औषध आणायला बाहेर गेला होता. तिने मला जवळ बसवलं. “मास्तर, तुमचं घड्याळ चांगलं हाय. घाईचं चालते जरा. माह्या पोराचं दमानं चाले.” मी तिच्या गोधडीची घडी सारखी करू लागलो. “पहिल्याच दिवशी समजलं मले. पण मधू घामानं भिजून गेलता, काय म्हणू त्याले? एक पोरगं गेलं, हा तरी आपल्या हातानं हात देते मले रोज. त्याले नोका सांगू.” मी शब्द दिला. चार दिवसांनी ती गेली.

शब्द पाळला असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं आहे. सांगितलं असतं तर मधूने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे? आणि दर वर्षी त्या प्रश्नाचं उत्तर जास्त अवघड होत गेलं. शेवटच्या भेटीत, तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी, तो अंथरुणावरून छताकडे बघत म्हणाला, “सगळं ठीक झालं मास्तर. पण मायले फसवलं मी. सात वर्सं, रोज संध्याकाळी. तेवढं नाई जात मनातून.” शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात वहिनी, मधूची बायको, चहा घेऊन आल्या… आणि मी भित्रा माणूस, म्हणालो, “पुढच्या रविवारी येतो, मग बोलू.”

चौदाव्याला वहिनींनी घड्याळ माझ्या हातात दिलं. “तुमचं हाय म्हणत होते. माय गेल्यावरही रोज संध्याकाळी कानाले लावत.” मी ते घेऊन गफूरभाईंकडे गेलो. आता त्यांचा हात थरथरतो आणि दुकानात सेलवाली घड्याळंच जास्त येतात. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि हसले. त्या रविवारनंतर मधूने घड्याळाची पिनांची छिद्रं मोठी करून दोन्हीकडे जाड पिना बसवून घेतल्या होत्या म्हणे. मला कधी बोलला नाही. गफूरभाईंनी नवे पट्टे काढून पुढे ठेवले. मी नको म्हटलं. कायदा मोडून मधूचाच काळा पट्टा मनगटावर बांधला. त्याचं भोक मला एक घर सैल पडतं.

आता संध्याकाळी शाळेतून आलो की घड्याळाला चावी देतो, कानाशी धरतो. ते अजून घाईनेच चालतं. मग खोलीत कोणी नाही असं बघून सांगतो, “मधू, मायले माहीत होतं.”