काळोखेंनी न पाहिलेले शेवट

ज्योतीराम काळोखे या माणसाविषयी नंदकिशोरला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. तळेगावहून यायचे, मशीन शॉपला होते आणि सिनेमे पाहायचे. घरी कोण कोण असतं, हे इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं.

नंदकिशोर पिंपरीच्या त्या कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होता. दुपारी दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की मागून येणाऱ्यांच्या कार्डावर तो लाल शेरा मारी. अर्धा दिवस कापला जाई. काळोखेंच्या कार्डावर असा शेरा कधी पडला नव्हता.

कँटीनमध्ये काळोखे नव्या सिनेमांवर मत देत आणि त्या मतावर लोकांचे रविवार ठरत.

"डाकूचा बघितला. डाकू बरा मानूस वाटला. आधी घोड्याला पानी पाजतो, मग सोता पितो."

"आणि हीरो?" खंडू फिटरने विचारलं.

"हीरो हाय. गातो."

"तो कोर्टाचा कसाय?"

"वकील लई वरडतो. पन हिरॉईनच्या घरातला जिना चांगला हाय. जाऊन या."

त्या साली नंदकिशोरची बायको सुमेधा पुन्हा गरोदर होती. आधीचं मूल जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नसे. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती आपणहून म्हणाली, "एखादा सिनेमा पाहू या का?" नंदकिशोर कामावर आला तो थेट काळोखेंकडे गेला.

"मंडळींना न्यायचंय. दिवस गेलेत. रडारड नको."

"मग डॉक्टरणीचा न्या. समदी हसत्यात. निर्धास्त जावा, साहेब."

सगळे हसले, हे खरं होतं. सुमेधाही हसली. अगदी शेवटी डॉक्टरीण बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दिवे लागले तरी सुमेधा खुर्चीवरून उठेना. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता मला कुठे नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर कँटीनमध्ये काळोखेंपुढे उभा राहिला. "ती मरते."

"कोन?"

"डॉक्टरीण. बाळंतपणात."

काळोखेंची बशी ओठाशीच थांबली. "मरती? कवा?"

"शेवटी!"

"शेवट म्या कुठं बघितलाय, साहेब? बाराचा खेळ बघायचा आन् पाळीला पळायचं. थांबलो तर तुमी लाल मारता."

मग खंडू म्हणाला, "म्हणजे त्या कोर्टातल्याला फाशी झाली, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"झाली व्हय? मला वाटलं सुटंल."

पुढच्या दुसऱ्या पाळीला भोंगा होऊन गेल्यावर काळोखे फाटकातून चालत आले. पळत नव्हते. त्यानंतर लवकरच त्यांचं खातं नव्या शेडमध्ये गेलं. तिथली माणसं मागच्या फाटकाने आत जात. कारखाना तोच, पण गाठ पुन्हा पडली नाही. उशिरा आलेल्या त्या दुपारी मात्र त्यांनी आपलं कार्ड स्वतःच खिडकीतून आत सरकवलं.

"काळोखे, उशीर झाला."

"व्हय. नव्या पिच्चरचा शेवट बघून आलो. दिवे लागंस्तवर बसलो हुतो."

"मग?"

"समदी जगत्यात. बाळ बी होतं, रडतं बी. पिच्चर जरा लांबलाय, पन वैनींना न्या."

नंदकिशोरने लाल पेन्सिल उचलली. "अर्धा दिवस कापावा लागेल."

"कापा की. पिच्चर तेवढ्याचा हाय."