चंदर मुकादमाचं शेपटीवालं इंग्रजी

उरणमध्ये एका फरसाणवाल्याच्या दुकानावर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. खाली शेव तळतात, वर मी पोरींना मुलाखतीसाठी तळते. त्यात एका सोमवारी सकाळी बावन्न वर्षांचे एक गृहस्थ पोलादी टोकाचे बूट घालून आले, पहिल्या बाकावर साक्षी नावाच्या पोरीच्या शेजारी बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, आय वॉन्ट टू लर्न द हेल आऊट ऑफ इंग्लिश."

साक्षी वहीत तोंड खुपसून हसली. मी तळा गावच्या शाळेत, 'मे आय कम इन' म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या बाईंच्या हाताखाली शिकलेली. माझ्या अंगावर काटा आला.

हे चंदरभाऊ. रेवसजवळच्या कोळीवाड्यातले. वडील तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. होडी विकली तेव्हा चंदरभाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला लागले आणि बावीस वर्षांत मुकादम झाले. कंटेनरच्या जहाजावर एकावर एक रचलेले ते डबे लोखंडी कांबींनी बांधलेले असतात. त्या सोडवणारी नऊ माणसांची टोळी त्यांच्या हाताखाली, आणि नऊच्या नऊ त्यांच्याच कोळीवाड्यातली. रोज सकाळी खाडी ओलांडणाऱ्या तरीने करंज्याला उतरायचं, सहा आसनी रिक्षात दहा जणांनी बसायचं आणि कामाला लागायचं.

त्यांचं इंग्रजी जहाजावरचं. अर्धं एका फिलिपिनो खलाशाकडून घेतलेलं, अर्धं पोलंडच्या एका चीफ ऑफिसरकडून, जो म्हणे वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा शिवी घातल्याशिवाय देत नसे. त्यामुळे चंदरभाऊंच्या प्रत्येक क्रियापदाला शेपूट. पाऊस पडला तर 'रेनिंग लाइक हेल', भूक लागली तर 'स्टार्व्हिंग टू डेथ'. एकदा सांगितलं, बायकोने बोंबलाचं कालवण केलं होतं, 'आय एट द हेल आऊट ऑफ इट'. चूक म्हणावी तर चूक नव्हती. इंग्रज माणूस घरात असाच बोलतो, फक्त पुस्तकात लिहिताना सोवळं नेसतो. पण हे मी तेव्हा कबूल करणार नव्हते.

क्लासला येण्याचं कारण ठेकेदाराचा नवा नियम. पहिल्या तारखेपासून वॉकीटॉकीवर फक्त इंग्रजी बोलायचं, तेही सभ्य, आणि सगळं रेकॉर्ड होणार. मुकादमांची तोंडी परीक्षा. नापास होईल त्याची मुकादमी काढून त्याला गेटवर पावत्या बघायला बसवणार. पगार तोच राहणार होता, पण चंदरभाऊंना ते बिनपाण्याचं मरण वाटत होतं.

"बाय, मी पान्यावरचा मानूस हाय. मना खुर्चीवर बसवला तर मी सा महिन्यात खपन. तू मना शिकव," ते म्हणाले. कोळीवाड्यात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, देवालासुद्धा. मी तर साधी मास्तरीण.

मग मी कात्री घेऊन बसले. रोज एक तास शेपट्या छाटायच्या. माणूस हुशार होता आणि हुशार विद्यार्थी मास्तरणीला फार त्रास देतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला एवढ्या वर्षांत सुचली नव्हती.

"आपन काय बोलतो? मरमर राबलो. पोट धरधरून हसलो. जीव मुठीत घेऊन पललो. म्हंजे आपला मानूस आधी मरतो, मंग राबतो. आनि त्ये? वर्क्ड मायसेल्फ टू डेथ. आधी राबतात, मंग मरतात. रॅन लाइक हेल. पललो आधी, बोंबललो मंग."

खरं होतं. आपलं क्रियापद पंगतीत सगळ्यात शेवटी बसतं, म्हणून आपला सगळा आरडाओरडा त्याच्या आधी उरकावा लागतो. इंग्रजाचं काम आधी होतं आणि त्याच्या मागे तो हवा तेवढा नरक जोडू शकतो. मी म्हटलं, "छान. आता तो नरक काढून टाका आणि पुढे 'प्लीज' लावा."

चंदरभाऊंनी वही मिटली. "मंग माज्या मानसांना कलनार कसा, की मी खरा बोलतंय?"

त्यांनी समजावूनही सांगितलं. वडील होडीवर दिवसभर बोलत असायचे. दोर सोड, थांब, जरा डावीकडं घे. ते निम्मं स्वतःशीच असायचं, वाऱ्याचा अंदाज घेत. म्हणून साध्या शब्दाला कोणी हलायचं नाही, बघून ठेवायचं फक्त. तांडेलाने शिवी घातली की मात्र त्या क्षणी हात चालायचे. ती हुकमावरची मोहोर. शिवी न ऐकता ज्याने दोर सोडला तो उतावळा, त्याला पुढच्या फेरीला घ्यायचे नाहीत. चंदरभाऊंची टोळी त्याच वळणाची. 'मूव्ह' म्हटलं तर ऐकून ठेवतात. 'मूव्ह द हेल आऊट' म्हटलं तर उड्या मारतात.

मी हसले. म्हटलं, "चंदरभाऊ, जग 'प्लीज'वर चालतं." हे वाक्य मी म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही.

ते पास झाले. नुसते पास नाही, परीक्षकाने त्यांना विचारलं म्हणे, कॉन्व्हेंटला होता का. ते माझ्यासाठी ताटाएवढं पापलेट घेऊन आले आणि मी ते तळून, मिटक्या मारत, शेजारणीला सांगून सांगून खाल्लं.

नव्या इंग्रजीच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, जहाजावर डब्यांच्या वरच्या थरावर दोघे जण कांब सोडवत होते. खाली रघू होता. चाळिशीचा, चंदरभाऊंच्या चुलतभावाचा जावई. चंदरभाऊंना समोरून दिसलं की वरची कांब हातातून निसटते आहे. त्यांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, "प्लीज मूव्ह बॅक." रघूने वर पाहिलं, मान डोलावली आणि हातमोजा चढवत तिथेच उभा राहिला. पुन्हा सांगितलं, "काइंडली मूव्ह बॅक फ्रॉम द एरिया." रघू अजून उभाच. बाकीचं वाक्य येण्याची वाट बघत होता. तिसऱ्यांदाही 'प्लीज'च आलं आणि कांब आली. बुटाच्या पोलादी टोकाच्या मागे, बरोबर पावलावर.

"तिसऱ्यांदा तोंडात आली व्हती, बाय," चंदरभाऊ मला म्हणाले. "रेकाड चालू हाय म्हनून गिलली."

चौकशी लागली. ठेकेदाराच्या साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि खूश झाले. मुकादमाने तीनदा, स्वच्छ इंग्रजीत, वेळेवर सूचना दिली होती. म्हणजे दोष रघूचा. सूचना ऐकून न हलणाऱ्या माणसाचा बंदरात शिरायचा पास रद्द करायचा, पाय बरा झाला तरी परत घ्यायचं नाही. मुकादमाने फक्त तसं लेखी द्यायचं.

ते लिहून घ्यायला चंदरभाऊ माझ्याकडे आले. मी लिहिलं. फार सुरेख लिहिलं. 'वारंवार सूचना देऊनही' यासाठी इंग्रजीत एक गोंडस शब्दप्रयोग आहे, तो घातला. त्यात चंदरभाऊ ठपक्यातून पूर्ण वाचत होते आणि मीही वाचत होते. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

त्यांनी बोट ठेवून सगळं वाचलं. आता त्यांना वाचता येत होतं, माझीच करणी. मग कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला स्वतः लिहायला घेतलं. मोठ्ठी, वाकडी अक्षरं. त्याचा मराठीत अर्थ असा: मी चुकीच्या पद्धतीने सांगितलं. माझी माणसं ज्या हाकेला हलतात ती हाक मला माहीत होती. मी ती दिली नाही, कारण मला माझी मुकादमी सांभाळायची होती. रघूने बरोबर केलं.

मी म्हटलं, "त्यात माझं नाव घाला. मी शिकवलं म्हणून लिहा."  मला खरंच वाटत होतं, त्यांनी मला दोन शिव्या हासडाव्यात.

"तुजा इंग्रजी बरोबर व्हता," ते म्हणाले. "मानसा माजी व्हती."

साहेबाने त्यांना दोनदा विचारलं, हे दिल्यावर तुमचं काय होणार ते कळतंय का? ते म्हणाले, "येस सर." पुढे काही जोडलं नाही.

रघू साडेचार महिन्यांनी कामावर आला. जरा लंगडतो, पण जहाजावर आहे. माझ्याशी बोलत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चंदरभाऊ गेटवर ट्रकवाल्यांच्या पावत्या तपासतात. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, थंड पाण्याचा जार आहे. जहाज मात्र तिथून दिसत नाही. मी एकदा मुद्दाम जाऊन, त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं.