श्रीपतकाकांची भरलेली बॅटरी

सोलर बसवलेल्या माणसाचा तक्रारीचा फोन आला की मी आधी एकच विचारतो, "बटणांना हात कोणी लावला?" कोणीच लावलेला नसतो. वालीवला माझं छोटं वर्कशॉप आहे. बारा वर्षं हेच काम करतोय आणि या बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने बटणाला बोट लावलेलं नाही. सेटिंग आपोआप बदलतं, म्हणे. भुताटकीच सगळी.

श्रीपतकाकांच्या कल्पेशचा फोन आला तेव्हाही मी हेच विचारलं. "जितेशदादा, कोण लावणार? दिवसभर घरात बाबा एकटे, आणि त्यांना साधा मोबाईल धड लावता येत नाही," तो म्हणाला. छपरावर सहा पॅनेल, बाहेर रणरणतं ऊन, आणि घर मात्र सगळी वीज लाईनमधूनच ओढत होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

त्यांचं घर कळंबच्या रस्त्यावरून खाडीच्या बाजूला आत. काका पंच्याहत्तरीचे. जन्मभर भात लावला, बांधावर वांगी-भेंडी काढली. ती टोपलीत भरून बाजारात नेणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, वेळ पडली तर भांडणं, हे सगळं हंसाकाकूंकडे. काका नुसती मान हलवायचे. काकूंचा एक नेम होता. कणगीचा तळ दिसू द्यायचा नाही. नवं भात घरात येईपर्यंत जुन्यातलं चार पायली राहिलंच पाहिजे. पुढे बांबूची कणगी जाऊन पत्र्याचा ड्रम आला, पण नेम तोच. एका वर्षी काकांनी पाहुण्याला तळाचं भात काढून दिलं, तर काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. हे काका मला हसत हसत सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी सोलर मीच बसवलं. काकूंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन, ते विजेवर चालणारं. तशातही त्या उठून माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाईट गेल्यावर माझा मशीन चालंल ना रं याच्यावर?" मी छाती फुगवून म्हणालो, "काकू, दोन दिवस लाईट गेली तरी चालेल!" गेल्या श्रावणात त्या गेल्या. मी भेटून आलो. आजार जुनाच होता, असं कल्पेश म्हणाला. मीही जास्त विचारलं नाही.

तर पहिल्या खेपेला मी छपरावर चढलो, पॅनेल पुसली, जोड तपासले, व्होल्टेज मोजलं. सगळं ठणठणीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! गडबड खाली ओटीवरच्या इन्व्हर्टरमध्ये होती. 'आधी लाईनची वीज' असं सेटिंग होऊन बसलं होतं. मी ते बदलून 'आधी ऊन, मग बॅटरी, शेवटी लाईन' असं केलं. सगळ्यांकडे मी हेच करतो, बिल कमी येतं. हात आपसूकच तिकडे जातो. काका बाकावर बसून बघत होते. "कोणी हात लावला का हो?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मी बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा गेलो, पुन्हा बदललं. त्यानंतर पुन्हा तेच. आता इन्व्हर्टरच बिघडला असणार म्हणून तिसऱ्या खेपेला मी नवं बोर्डच घेऊन गेलो.

बोर्ड टाकलं, सेटिंग केलं आणि खात्री करायला बसून राहिलो. काकांनी चहा आणला. दुपारचे तीन वाजले असतील. उन्हावर ढग आला आणि बॅटरीचा आकडा शंभरावरून नव्याण्णव झाला, मग अठ्ठ्याण्णव. त्यात वावगं काही नव्हतं, ऊन कमी पडलं की बॅटरी हातभार लावते. पण काका कप खाली ठेवून उठले. पंच्याला हात पुसले, एक बटण दाबून धरलं, दुसरं तीनदा दाबलं. माझ्यादेखत आणि माझ्याइतक्याच सफाईने.

"काका! तुम्ही?" माझा आवाज चढला. "तीन खेपा घातल्या मी!"

"रागावू नको. मी तिला उतरू देत नाय. आकडा उतरला की जीव राहत नाय माझा."

मग ते बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तीन दिवस ऊन नव्हतं. हंसाचा जादाचा सिलिंडर भरायला गेलेला. संध्याकाळी मी टीव्ही लावला, पंखा लावला. लाईट होती. मला काय ठाव, बॅटरीतनं जातंय? दिवेलागनीला लाईट गेली. मशीन धा मिन्टं चालला आनि शिटी मारून बंद झाला. रिक्षा येईस्तोवर ती..." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "तिनं कनगीचा तळ कधी दिसू दिला नाय. मी टीव्ही बघत बॅटरी तळाला नेली. तेराव्यानंतर बसलो याच्यापुढं. तीन दिवस बटनं दाबली. एका जागी आकडा उतरायचा थांबला. मंग तिथंच ठेवलं."

लाईट असताना बॅटरी वापरायची, हे सोलर बसवतानाच इन्व्हर्टरला मीच सांगितलं होतं. आजारी माणसाच्या घरी बॅटरी राखून ठेवायची असते, हे मला ठाऊक होतं. काकूंच्या नाकातली नळी मी बघितली होती, त्यांच्या हातचा चहा प्यायलो होतो, आणि तरीही माझा हात सवयीनेच गेला होता. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. मी थोडा वेळ गप्प बसलोही. मला लाज वाटते त्याची.

"काका, टीव्हीमुळे नाही झालं ते," शेवटी मी म्हणालो. "बॅटरी राखायचं सेटिंग मी करायला हवं होतं. ते मी केलं नाही. चूक तुमची नाही, माझी आहे."

काका माझ्याकडे वळले.

"हंसानं तुला इचारलेलं ना, लाईट गेल्यावर चालंल का म्हनून?"

"हो."

"काय बोललास तू?"

"दोन दिवस चालेल."

त्यांनी मान हलवली. "त्याच भरवशावर मी टीव्ही लावला."

रागाने नाही म्हणाले. रागावले असते, हाकलून दिलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. मला रडू आवरेना. काका माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांनी माझा गार झालेला चहा आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.

मी सेटिंगला हात लावला नाही. कल्पेशला फोन करून सांगितलं की मशीन ठीक आहे, बिल जास्त येईल, येऊ दे, बाकीचं संध्याकाळी येऊन सांगतो. हत्यारं पिशवीत भरेपर्यंत ढग सरकला होता. आकडा शंभरावर आला. काकांनी जवळ जाऊन, डोळे बारीक करून तो नीट वाचला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, रोजच्या सवयीने असावं, हळूच म्हणाले, "भरली गं."